बोगद्यातलं दार कुठे उघडतं?

२४ मार्च १९९९ च्या सकाळी अकराच्या सुमारास फ्रान्सकडून इटलीकडे निघालेला एक मालट्रक माँ ब्लाँच्या बोगद्यात, जवळपास मधोमध, थांबला. ट्रकमध्ये पीठ होतं आणि मार्गारीन. स्फोटकं नव्हती, पेट्रोल नव्हतं. वाण्याच्या दुकानात मिळतो तो माल. समोरून येणारे चालक दिवे मारून खुणावत होते, आरशात धूर दिसत होता, म्हणून चालकाने गाडी उभी केली. आग विझवायचं नळकांडं हाती येईपर्यंत केबिन पेटलं होतं. तो इटलीच्या दिशेने पळत सुटला आणि वाचला. त्याच्यामागे फ्रान्सच्या तोंडातून आत शिरलेल्या गाड्या धुरात अडकल्या. ३९ माणसं गेली, आणि आग ५३ तास धुमसत राहिली.

बोगदा ११.६ किलोमीटर लांब. १९६५ मध्ये सुरू झाला तेव्हा जगभरातले इंजिनिअर तो पाहायला येत. आत ठरावीक अंतरावर भिंतीत आसऱ्याच्या खोल्या होत्या. त्यांना अग्निरोधक दारं होती आणि ताजी हवा येण्याची सोय होती. दारं दोन तास आगीला तोंड देतील अशी बनवलेली होती, काही पुढे चार तासांसाठी मजबूत केलेली. कागदावर पाहिलं तर संकटाची तयारी होती. पण या खोल्यांना एकच दार होतं आणि ते ज्या रस्त्यावर आग लागली त्याच रस्त्यावर उघडत होतं. पाठीमागून बाहेर पडायला वाट नव्हती. पिएरलूचो तिनात्सी हा इटलीच्या बाजूचा सुरक्षा कर्मचारी मोटरसायकलवरून धुरात शिरला. शेवटी तो आणि एक ट्रकचालक अशाच एका खोलीत अडकले आणि तिथेच मेले. दोन-चार तासांच्या दाराने ५३ तासांच्या आगीपुढे टिकायचं तरी कसं?

या दुर्घटनेतली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळी आहे. मदतीला आत गेलेले फ्रान्सचे अग्निशामक जवानही धुरात अडकले आणि अशाच आडोशांना दडून बसले. त्यांना काही तासांनी बाहेर काढलं ते रस्त्याखालून जाणाऱ्या हवेच्या नळीतून. (त्यांचा प्रमुख अधिकारी मात्र पुढे दगावला.) म्हणजे ताज्या हवेची, माणूस जाऊ शकेल एवढी वाट मेलेल्यांच्या पायाखाली ३४ वर्षं होती. तिच्याकडे सुटकेचा मार्ग म्हणून कोणी पाहिलं नव्हतं. बोगदा २००२ मध्ये पुन्हा उघडला तेव्हा नेमकी तीच गोष्ट केली होती. जवळपास दर ३०० मीटरला एक अशा ३७ खोल्या बांधल्या आणि प्रत्येक खोली रस्त्याखालच्या त्या हवेच्या मार्गाला जोडली. डोंगर तोच, नळी तीच. फरक इतकाच की आता आसऱ्याच्या खोलीला दुसरं दार आहे.

पुढे २००४ मध्ये युरोपीय संघाने बोगद्यांच्या सुरक्षिततेसाठी जो कायदेशीर निर्देश काढला, त्यात हे एका वाक्यात बांधून टाकलं: बाहेर नेणारी वाट नसलेल्या आसऱ्याच्या खोल्या यापुढे बांधायच्या नाहीत. त्या वाक्यामागे ३९ माणसं आहेत. असे नियम आयते उचलायला सोपे असतात, पण ते कशातून आले हे ठाऊक नसलं की खर्च वाचवायच्या पहिल्या बैठकीत तेच आधी कापले जातात.

आपल्याकडे लांब बोगद्यांचं युग आत्ता सुरू होतं आहे, म्हणून हे लिहायचं. समृद्धी महामार्गावरचा इगतपुरीजवळचा सुमारे आठ किलोमीटरचा जोडबोगदा जून २०२५ मध्ये खुला झाला. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाच्या ‘मिसिंग लिंक’मधला जवळपास नऊ किलोमीटरचा बोगदा लोणावळ्याच्या तलावाखालून जातो. ठाणे ते बोरिवली हा सव्वादहा किलोमीटरच्या आसपासचा जोडबोगदा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून खणला जातो आहे. मुंबईच्या कोस्टल रोडचा मलबार हिलखालचा दोन किलोमीटरचा बोगदा २०२४ पासून वापरात आहे. भाताण, माडप, कामशेतच्या बोगद्यांत आपण काच खाली घेईपर्यंत पलीकडचा उजेड दिसायचा. आठ-दहा किलोमीटरचा बोगदा ही निराळी जागा आहे. तिथे बोगद्याच्या तोंडापर्यंत पळत जाणं हा पर्याय सहसा उरत नाही.

अशा बोगद्यात अडकलेल्या माणसाला बाहेरून येणारं कोणीही वेळेत वाचवू शकत नाही. तो स्वतः चालत बाहेर पडतो किंवा पडत नाही. त्यामुळे सुटकेच्या मार्गाची आखणी ही इंजिनिअर आणि कंत्राटदार यांच्यातली बाब राहू शकत नाही. ज्यांना त्या वाटेने जायचं आहे त्यांना ती माहीत हवी आणि त्यांच्याकडून ती तपासली गेलेली हवी. आपल्याकडे दार बांधलं जातं, पण लोकांना ते ठाऊक करून देण्याचं काम कोणाच्याच अखत्यारीत येत नाही.

आधी धूर समजून घेऊ, कारण जवळजवळ सगळे बळी धुराचे असतात, ज्वाळांचे नव्हे. मोटार पेटली तर पाचेक मेगावॉट उष्णता बाहेर पडते, बस पेटली तर २०–३० मेगावॉट. मालट्रकचं गणितच वेगळं. २००३ मध्ये नॉर्वेतल्या रुनेहामार नावाच्या जुन्या बोगद्यात लाकडी पॅलेट, प्लास्टिक, फर्निचर असा रोजचा माल रचून तो पेटवून पाहिला गेला. एका चाचणीत आगीने २०० मेगावॉटचा टप्पा ओलांडला. ज्याला कोणीही ‘धोकादायक माल’ म्हणणार नाही अशा मालाने हे केलं. माँ ब्लाँमधल्या पिठा-मार्गारीनचाही हाच धडा होता. म्हणून बोगद्यातून फक्त टँकर आणि गॅसचे ट्रक वगळले की धोका टळला, असं मानणं चुकीचं आहे.

सुरुवातीची काही मिनिटं गरम धूर छताशी तरंगतो आणि खाली माणसाला श्वास घेण्याजोगी हवा असते. मग धूर थंड होतो, खाली उतरतो आणि काहीच दिसेनासं होतं. या पहिल्या मिनिटांत जो चालायला लागला तो वाचतो. माँ ब्लाँमधले बहुतेक बळी आग लागल्यापासून पाव तासाच्या आसपास गेले असावेत, असं तपासात दिसलं. त्यांतले बरेच जण त्यांच्या गाडीतच सापडले.

गाडीतच का? कारण माणूस गाडीत थांबतो. हॉलंडमध्ये या शतकाच्या सुरुवातीला एका बोगद्यात खऱ्या चालकांना बोलावून, पुढे धूर सोडणारा ट्रक उभा करून प्रयोग केले गेले. लोक मिनिटामागून मिनिटं गाडीतच बसून राहिले, धुराकडे पाहत. लाउडस्पीकरवरून स्पष्ट सूचना आल्यावर मगच ते हलले. यात मूर्खपणा नाही. गाडी आपली असते, काच बंद असते, एसी चालू असतो, मागे सामान असतं. पुढचे उतरत नाहीत म्हणून आपण उतरत नाही आणि आपण उतरत नाही म्हणून मागचे. आपल्या रस्त्यांवर याला दोन गोष्टी जोडल्या जातील. अर्धे लोक मोबाइल काढून धुराचं चित्रण करतील आणि उरलेल्यांपैकी काही गाडी वळवून उलटे निघतील. रोज घाटात लेन सोडून घुसणाऱ्यांनी आगीच्या वेळी शिस्त पाळावी, ही अपेक्षा ठेवून कोणतीही योजना आखता येणार नाही. योजना याच माणसांसाठी करायची आहे.

आता अंतराचं गणित. युरोपच्या निर्देशात नव्या, वर्दळीच्या बोगद्यांना जास्तीत जास्त ५०० मीटरवर सुटकेचं दार सांगितलं आहे. जम्मूच्या चेनानी–नाशरी बोगद्याला समांतर सुटकेचा बोगदा आहे आणि २९ जोडमार्गांनी तो मुख्य बोगद्याला जोडलेला आहे, म्हणजे साधारण दर ३०० मीटरला एक. ३०० हा आकडा ऐकायला छान वाटतो. निरोगी माणूस सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास चालतो, म्हणजे ३०० मीटरला चार मिनिटं. पण दाट धुरात हाच माणूस चाचपडत चालतो, वेग सेकंदाला अर्ध्या मीटरवर येतो आणि त्याच ३०० मीटरला दहा मिनिटं लागतात. दोन दारांच्या मधोमध उभं असलेल्याला १५० मीटरच चालायचं आहे, हे खरं. पण जो एका दाराजवळ आहे आणि आग त्याच दारासमोर लागली आहे, त्याच्यासाठी ते दार हिशेबातून गेलं, त्याला पूर्ण अंतर चालून मागचं दार गाठायचं आहे. त्यात गाडीत बसून राहण्याची पाचेक मिनिटं मिळवा. ५०० मीटरचं अंतर असतं तर अशाच माणसाला सतरा मिनिटं लागली असती. पाव तास हा माँ ब्लाँचा आकडा डोळ्यांसमोर ठेवून हे गणित पुन्हा वाचावं.

आणि हे सगळं एकट्या, धडधाकट माणसाचं. प्रत्यक्षात गाडीत काठी टेकत चालणाऱ्या आजी असतात, मागच्या सीटवर झोपलेलं पोर असतं, व्हीलचेअर डिकीत असते. रस्त्याच्या कडेचा पदपथ उंच कट्ट्यावर असतो आणि व्हीलचेअर तिथेच अडते. दार अग्निरोधक म्हणजे जाड आणि जड. धूर शिरू नये म्हणून पलीकडे हवेचा दाब वाढवून ठेवतात, आणि आखणी नीट नसेल तर तोच दाब दाराला आणखी जड करतो. गुडघे धरलेल्या बाईने ते एका हाताने उघडायचं आहे, दुसऱ्या हातात नातवाचा हात असताना. दाराची ही परीक्षा प्रयोगशाळेतल्या भट्टीत होत नाही. खऱ्या आजींना तिथे नेऊन उभं केल्याशिवाय ती होणार नाही.

युरोपच्या निर्देशातली एक बारीक अट मला फार आवडते. सुटकेच्या वाटेचे दिवे रस्त्यापासून दीड मीटरपेक्षा उंच नसावेत आणि जवळच्या दोन्ही दारांची अंतरं दाखवणाऱ्या पाट्या दर २५ मीटरला, एक ते दीड मीटर उंचीवर असाव्यात. कारण धूर वरून खाली भरत येतो, छताला टांगलेली मोठी चकचकीत पाटी सर्वांत आधी दिसेनाशी होते. ज्याने ही अट लिहिली त्याने वाकून, तोंडाला रुमाल लावून चालणारा माणूस मनात धरला होता. आपल्या अटलजींच्या नावाच्या रोहतांग बोगद्यातही दर २५ मीटरला अशा खुणा आणि दर ५०० मीटरला सुटकेचं दार आहे. ९.०२ किलोमीटरच्या त्या एकाच नळीच्या बोगद्यात रस्त्याखाली ३.६ मीटर रुंद आणि सव्वादोन मीटर उंच असा अग्निरोधक मार्ग मुळापासूनच बांधून काढला आहे. माँ ब्लाँला मृत्यूनंतर सुचलं ते इथे आधी केलं गेलं, याचं श्रेय द्यायलाच हवं.

महाराष्ट्रातले नवे बोगदे मात्र जोडीचे आहेत, जायला एक नळी आणि यायला दुसरी. जोडबोगद्याची सोय मोठी: एका नळीत आग लागली तर मधल्या जोडमार्गाने दुसऱ्या नळीत जायचं. पण यात दोन गृहीतकं लपलेली आहेत आणि त्यांच्यावर जाहीर चर्चा होताना दिसत नाही.

पहिलं गृहीतक म्हणजे दुसरी नळी सुरक्षित आहे. ती सुरक्षित आहे, पण तिथली वाहतूक थांबलेली असेल तरच. नाहीतर धुरातून सुटलेली माणसं दार ढकलून थेट ताशी ८० च्या वेगाने येणाऱ्या गाड्यांसमोर उतरतील. म्हणजे एका नळीत धूर दिसल्याच्या क्षणी दोन्ही नळ्यांची आत येण्याची तोंडं बंद झाली पाहिजेत. बटण कोणी दाबायचं? ते दाबायला कोणाची परवानगी लागते? चूक निघाली तर हजारो गाड्या तासभर अडकल्याचं खापर कोणाच्या माथी फुटणार? कंट्रोल रूममध्ये रात्री तीन वाजता बसलेल्या कंत्राटी ऑपरेटरला जर वाटत असेल की खोटा अलार्म निघाला तर आपली नोकरी जाईल, तर तो दोन मिनिटं खात्री करत थांबेल. ती दोन मिनिटं आपण वर मोजलेल्या गणितातून जातात. सावधगिरीपोटी चूक झाली तरी ऑपरेटरला लेखी संरक्षण हवं.

दुसरं गृहीतक हवेचं. एकेरी वाहतुकीच्या बोगद्यात बहुधा पंखे हवा एका दिशेने, वाहतुकीच्या दिशेने, लांबवर ढकलतात. कोस्टल रोडच्या बोगद्यातली सकार्डो पद्धतही हवा लांबीच्या दिशेनेच नेते. तर्क सरळ आहे: आगीच्या मागे अडकलेल्यांकडे धूर येऊ नये, तो पुढे जावा, कारण पुढच्या गाड्या तर निघूनच गेलेल्या असतात. मोठ्या आगीचा धूर मागे फिरू नये म्हणून हवेचा वेग सेकंदाला तीन मीटरच्या घरात ठेवावा लागतो. हा वेग चालत्या माणसाच्या दुप्पट-अडीचपट आहे. पण पुढच्या गाड्या निघून गेल्याच नसतील तर? सायंकाळी साडेसात वाजता बोरिवलीच्या तोंडाशी गाड्या तुंबलेल्या असतील आणि ती रांग बोगद्यात किलोमीटरभर मागे आली असेल, तर आगीच्या दोन्ही बाजूंना माणसं आहेत, आणि पंखे त्यातल्या एका बाजूवर सगळा धूर सोडतील. डोंगरातल्या महामार्गासाठी जे गृहीतक बरोबर, ते मुंबईच्या गर्दीत चूक ठरू शकतं. यावर दोन उपाय आहेत. एक खर्चिक: छतातून ठरावीक ठिकाणी धूर ओढून घेणारी रचना. चेनानी–नाशरीत आडवी हवा खेळवणारी पद्धत आहे ती याच जातीची. दुसरा उपाय स्वस्त पण शिस्तीचा: बोगद्याच्या बाहेर कोंडी होते आहे असं दिसताच गाड्या तोंडाशीच थोपवायच्या, आत रांग लागूच द्यायची नाही. माँ ब्लाँमध्ये आज चालत्या गाड्यांमध्ये १५० मीटर अंतर ठेवावं लागतं, थांबलं तरी १००. स्वित्झर्लंडच्या गोट्टहार्ड बोगद्यात २००१ च्या आगीनंतर ट्रक मोजून-मोजून आत सोडतात. आपल्याकडे टोलनाक्यावर गाड्या सोडायची घाई असते; बोगद्याच्या तोंडाशी थांबवायची सवय आपल्याला लावून घ्यावी लागेल.

पंख्यांच्या दिशेने काय होऊ शकतं हे नॉर्वेच्या गुडवांगेन बोगद्याने ५ ऑगस्ट २०१३ ला दाखवलं. ११.४ किलोमीटरच्या त्या बोगद्यात एक ट्रक पेटला. अग्निशामक दल ज्या बाजूने येणार त्या बाजूला हवा स्वच्छ राहावी, अशी पंख्यांची दिशा आधीच ठरलेली होती. ठरल्याप्रमाणे पंखे फिरले आणि धूर बोगद्याच्या लांब भागातून, जिथे माणसं अडकली होती तिथूनच, पुढे गेला. ६७ जण धुरात सापडले. बाजूला सुटकेचा बोगदा नव्हता. माणसं भिंतीला धरून, गाड्यांना धडकत चालली. कोणी मेलं नाही, पण कित्येकांना रुग्णालयात हलवावं लागलं. योजना मोडली म्हणून हे झालं नाही, योजनेप्रमाणेच सगळं झालं. ती योजना येणाऱ्यांच्या सोयीने आखली होती, अडकलेल्यांच्या नव्हे. दोनच वर्षांनी, २०१५ मध्ये, त्याच बोगद्यात पर्यटकांची बस पेटली.

असे प्रसंग क्वचित घडतात, मग एवढा खर्च कशाला, असं कोणी विचारेल. हा प्रश्न मी हलका मानत नाही. घाटातल्या उघड्या रस्त्यापेक्षा बोगद्यात अपघात कमी होतात. वळणं नाहीत, पाऊस नाही, दरड नाही. तोच पैसा घाटातल्या कठड्यांवर आणि ट्रॉमा सेंटरवर लावला तर दरवर्षी जास्त जीव वाचतील, हा युक्तिवाद प्रामाणिक आहे. पण बोगद्यातला अपघात क्वचित असला तरी एकदा झाला की त्याचा आकडा मोठा असतो, आणि तो आकडा ठरवणारी रचना पुढे बदलता येत नाही. घाटात कठडा पुढच्या वर्षी बसवता येतो. शंभर वर्षांसाठी खोदलेल्या बोगद्याला नंतर समांतर बोगदा जोडायचा म्हणजे पुन्हा डोंगर फोडायचा.  म्हणून हा खर्च आत्ताच करायचा, नकाशावर.

नॉर्वेनेच बांधलेला लेर्दालचा २४.५ किलोमीटरचा बोगदा जगातला सर्वांत लांब रस्ता-बोगदा आहे आणि त्याला सुटकेचा वेगळा मार्ग नाही. तिथली वाहतूक अगदी विरळ आहे, हे त्यामागचं कारण. तिथे तो निर्णय समजण्याजोगा आहे. ठाणे–बोरिवलीला तो दाखला कोणी दिला तर मात्र त्याला जागच्या जागी थांबवलं पाहिजे. कोणी म्हणेल, पाण्याचे फवारे बसवले की झालं. फवाऱ्यांचा उपयोग आहेच. मेलबर्नच्या बर्नली बोगद्यात २३ मार्च २००७ ला भीषण टक्कर आणि आग झाली, तीन जण गेले, पण फवारे आणि पंखे वेळेवर चालू झाल्यामुळे शेकडो लोक चालत बाहेर पडले. हे वाक्य नीट वाचलं तर दिसतं की फवाऱ्यांनी वेळ मिळवून दिला, आणि त्या वेळात लोक चालून जाऊ शकले, कारण जायला वाट होती.

सिलक्याराची आठवण इथे काढावी लागते. उत्तरकाशीतल्या त्या साडेचार किलोमीटरच्या बोगद्याला मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये मंजुरी दिली तेव्हा मंजुरीतच ‘सुटकेच्या मार्गासह’ असे शब्द होते. १२ नोव्हेंबर २०२३ ला आतला भाग कोसळला आणि ४१ मजूर अडकले, तेव्हा त्यांना वापरता येईल असा मार्ग नव्हता. यंत्रं थकली, शेवटचे काही मीटर ‘रॅट-होल’ कामगारांनी हाताने खणले आणि सतराव्या दिवशी सगळे पाइपातून बाहेर आले. देशाने जल्लोष केला, तो योग्यच होता. पण कागदावरचा सुटकेचा मार्ग बांधकामाच्या कोणत्या टप्प्यावर खरा होतो, हा प्रश्न त्या जल्लोषात विरून गेला. बोगदा खणणाऱ्या माणसालाही पहिल्या दिवसापासून सुटकेची वाट हवी; उद्घाटनाच्या फितीपर्यंत तिची वाट पाहता येत नाही.

आणखी एक गोष्ट खास आपल्या भूगोलाची. माँ ब्लाँमध्ये १९९९ ला दोन देशांच्या दोन कंपन्या होत्या, दोन टोकांना दोन कंट्रोल रूम होत्या. एका बाजूने धूर ओढला जात होता, दुसऱ्या बाजूने ताजी हवा पूर्ण जोराने आत लोटली जात होती, आणि त्या हवेने आगीला आणि धुराला फ्रान्सकडे रेटलं. आता तिथे एकच संस्था सगळं चालवते. आपल्याकडे देशांची सीमा नाही, पण सह्याद्रीच्या माथ्यावरून जिल्ह्यांच्या सीमा जातात, आणि बोगदे तर माथ्याखालूनच जाणार. इगतपुरीच्या बोगद्याचं एक टोक नाशिक जिल्ह्यात, दुसरं ठाणे जिल्ह्याच्या बाजूला. मिसिंग लिंकची एक बाजू रायगडची, दुसरी पुण्याची. कशेडीचा बोगदा पोलादपूरहून खेडला, म्हणजे रायगडातून रत्नागिरीत उतरतो. ठाणे–बोरिवलीच्या दोन टोकांना दोन महापालिका, दोन पोलीस आयुक्तालयं, दोन अग्निशामक दलं आणि वर वनखात्याचं राष्ट्रीय उद्यान. आग मधोमध लागली तर फोन कोणाकडे जातो, गाडी कोणाची निघते, हवा कोण कोणत्या दिशेने सोडतो, याचं उत्तर एका माणसाच्या हातात असलं पाहिजे. युरोपच्या निर्देशाने प्रत्येक बोगद्यासाठी एक सुरक्षा अधिकारी नेमायला सांगितला आहे आणि सुरक्षेच्या प्रश्नात त्याला वरिष्ठांचा हुकूम लागू होत नाही. आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचना आहेत आणि त्या तांत्रिकदृष्ट्या चांगल्या आहेत. पण त्या सूचना आहेत. बोगदा बांधणारा, चालवणारा आणि तपासणारा एकच असेल तर सूचनांचा उपयोग मर्यादित.

आता बसबद्दल, कारण आपल्या रस्त्यांवर बोगद्यात जास्तीत जास्त माणसं बसमध्ये असतील. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर, बुलढाणा जिल्ह्यात, नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी जळून गेले. उघडा रस्ता होता, वर आकाश होतं. बस दाराच्या अंगावर पडली, म्हणून माणसं बाहेर पडू शकली नाहीत. त्याच महामार्गावर आठ किलोमीटरचा बोगदा आहे. बोगद्याच्या भिंतीतलं दार कितीही उत्तम असो, स्लीपर बसच्या वरच्या बर्थवर झोपलेल्या माणसासाठी सुटकेचा मार्ग त्याच्या पडद्यापासून सुरू होतो. बसची मागची खिडकी उघडते का, तिथला हातोडा जागेवर आहे का, चालकाला बोगद्यातली दारं माहीत आहेत का, हे बोगद्याच्या योजनेत आलं पाहिजे. अशा बसच्या चालकांना आणि एसटीच्या चालक-वाहकांना वर्षातून एकदा प्रत्यक्ष बोगद्यात, प्रत्यक्ष दारातून चालवून नेलं पाहिजे. माँ ब्लाँच्या टोलनाक्यावर चालकाच्या हातात सूचनांचं पत्रक देतात. आपल्याकडे फास्टॅगमुळे कोणी थांबतही नाही, तेव्हा सूचना बोगद्याच्या आधीच्या पेट्रोल पंपावर, बस थांब्यावर, रेडिओवर, मराठीतून आणि हिंदीतून, पुन:पुन्हा ऐकू यायला हव्यात: इंजिन बंद करा, किल्ली गाडीतच ठेवा, सामान सोडा, धुराकडे पाठ करून हिरव्या दिव्याच्या दाराकडे चाला. एवढी चार वाक्यं.

लाइट गेल्यावर घरात मेणबत्ती कुठे आहे हे ज्याला आधीपासून ठाऊक असतं, त्यालाच ती सापडते. आगीची पहिली पाच मिनिटं अशीच असतात. त्या वेळी शिकायला वेळ नसतो.

म्हणून मागणी सरळ आहे. ठाणे–बोरिवलीचा बोगदा वाहनांसाठी खुला करण्याआधी एक दिवस तो माणसांसाठी उघडा. दोन्ही महापालिकांतल्या सामान्य लोकांना, त्यांत म्हातारी माणसं, मुलं, व्हीलचेअरवरची माणसं आणि एक भरलेली बस असू द्या, आत न्या. कृत्रिम धूर सोडा, दिवे घालवा, आणि त्यांना वाट न दाखवता बाहेर पडू द्या. किती मिनिटं लागली, कोण कुठे अडलं, कोणतं दार उघडलं नाही, हे सगळं मराठीत छापून जाहीर करा. मगच फीत कापा. युरोपात बोगद्यांत निदान चार वर्षांनी एकदा पूर्ण सराव करावा लागतो. आपणही तेवढं तरी करावं, आणि आधीच सुरू झालेल्या इगतपुरीच्या आणि कोस्टल रोडच्या बोगद्यांपासून सुरुवात करावी. तुम्ही या बोगद्यांतून रोज जाणार असाल तर तुमच्या आमदाराला, नगरसेवकाला एक प्रश्न लेखी विचारा: या बोगद्यात शेवटचा सराव कधी झाला आणि त्याचा अहवाल कुठे आहे?